औषध आणि खर्रा : मानसिक उपचार घेणाऱ्या किशोरांच्या व्यसनाचा प्रश्न

किशोरवयात सुरू झालेला मानसिक आजार आणि त्याच वयात जडलेली नशा ही दोन दुखणी बहुधा एकाच देहात, एकाच घरात आणि एकाच काळात नांदत असतात. तरीही त्यांच्यावरील उपचारांची आपल्याकडील रचना मात्र ती दोन वेगळ्या माणसांना झाली असावीत अशा गृहीतकावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षांच्या वयाला किशोरवय म्हणते. या वयातील एखाद्या मुलाला नैराश्य, चिंताविकार, अतिचंचलता किंवा तीव्र मनोविकार यांपैकी काही असताना त्याच वेळी तंबाखू, दारू, गांजा किंवा हुंगण्याच्या पदार्थांचे व्यसनही असेल, तर वैद्यकात त्या अवस्थेला द्विनिदान म्हणतात. येथे मांडावयाचा मुद्दा असा की उपचार घेणाऱ्या मुलाची नशा हा उपचाराच्या शिस्तीचा भंग मानून त्याला बाहेरची वाट दाखवणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आणि नैतिकदृष्ट्या अन्यायाचे आहे, आणि मनाच्या आजाराचे औषध जो लिहून देतो त्यानेच नशेविषयी विचारले पाहिजे व तिच्यावरही उपचार केले पाहिजेत.

हा प्रश्न महानगरांतील महाविद्यालयांच्या आणि मेजवान्यांच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला जातो, पण त्याची खरी कसोटी भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावात लागते. जुन्या किल्ल्यासाठी ओळखले जाणारे हे गाव धानाच्या, तलावांच्या आणि जंगलाच्या प्रदेशात, झाडीपट्टीत, वसलेले आहे. येथील मुलाला तीव्र मानसिक आजार झाला आणि भरती करण्याची वेळ आली, तर राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी त्याच्यासाठी जवळचे म्हणजे नागपूरचे, आणि ते साकोली व भंडारा ओलांडून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. ठाणे, पुणे आणि रत्नागिरी येथील उरलेल्या तीन रुग्णालयांचा या मुलाला व्यवहारात काहीच उपयोग नाही. नशेचे पदार्थ मात्र त्याला घरापासून हाकेच्या अंतरावर मिळतात. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा असतो, मोहफुलांच्या हंगामानंतर मोहाची दारू असते, आणि ज्या जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडणे व बिड्या वळणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे तेथे बिडी ही वस्तू परकी किंवा निषिद्ध वाटण्याचे कारणच उरत नाही. उपचार दूर आणि नशा जवळ, हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय ग्रामीण किशोरांच्या व्यसनाविषयी काढलेला कोणताही निष्कर्ष अपुरा राहील.

राष्ट्रीय पातळीवरील आकडे या चित्राला दुजोरा देतात, जरी ते ग्रामीण विदर्भाचे वेगळे चित्र देत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षे वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला; त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट या राज्याच्या धोरणकर्त्यांनी विसरू नये अशी आहे. शाळकरी मुलांमधील तंबाखूविषयी २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाने असे नोंदवले की तेरा ते पंधरा वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच सुरू केली होती. त्याच वर्षी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अमली पदार्थविषयक अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचा, म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर यांचा वापर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये १.१७ टक्के असल्याचे दिसले. मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला हा एकच पदार्थवर्ग होता, आणि या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. सोल्यूशनमधील टोल्युइनसारखी द्रव्ये हृदयाची लय अचानक बिघडवून पहिल्याच वेळीही मृत्यू घडवू शकतात. इतका घातक पदार्थ सायकलच्या दुकानात किरकोळ किमतीला विकला जातो.

मानसिक आजार आणि नशा यांचा परस्परसंबंध तीन दिशांनी समजून घ्यावा लागतो, आणि तिन्ही दिशा खऱ्या आहेत. पहिली दिशा आजाराकडून नशेकडे जाते. मानसिक आजारांपैकी निम्मे आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, आणि नशेचे विकार बहुधा त्यानंतर काही वर्षांनी उभे राहतात, असे अमेरिकेतील रोनल्ड केसलर यांच्या सर्वेक्षणांनी दाखवले आहे. ज्या मुलाच्या मनात सतत भीती आहे, ज्याला रात्री झोप येत नाही, ज्याला वर्गात एका जागी बसवत नाही, त्याला तंबाखूचा किंवा दारूचा पहिला अनुभव आनंदापेक्षा सुटकेचा वाटतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँझियन यांनी १९८५ मध्ये मांडलेली स्वयं-औषधोपचाराची उपपत्ती हेच सांगते की व्यसनी माणूस पुष्कळदा आपल्या वेदनेवर आपल्यापुरते औषध शोधत असतो. दुसरी दिशा नशेकडून आजाराकडे येते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा पाठपुरावा करून १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले, आणि न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यासाने २००२ मध्ये दाखवले की पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू करणाऱ्यांमध्ये हा धोका उशिरा सुरू करणाऱ्यांपेक्षा अधिक असतो. तिसरी दिशा दोहोंच्या मुळाशी असलेल्या समान कारणांची आहे: आनुवंशिकता, घरातील हिंसा, दारिद्र्य, लहानपणी झालेला अत्याचार आणि अजून पूर्ण विकसित न झालेला मेंदू. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो आवेगाला लगाम घालतो आणि उद्याचा विचार करतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. सुखाची ओढ लावणारा भाग मात्र त्याआधीच जोमाने काम करू लागलेला असतो. या वयातल्या मुलाकडून केवळ निर्धाराच्या बळावर व्यसन सोडण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या शरीराने अजून त्याला न दिलेली गोष्ट त्याच्याकडे मागणे होय.

उपचाराच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब औषधे आणि नशा यांच्या परस्परक्रियेची आहे, आणि येथे पूर्व विदर्भाचे वैशिष्ट्य विशेष महत्त्वाचे ठरते. तीव्र मनोविकारात दिली जाणारी ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन ही औषधे यकृतातील एका विकराद्वारे शरीराबाहेर टाकली जातात, आणि बिडी किंवा सिगारेट यांच्या धुरातील जळित द्रव्ये त्या विकराचे काम वाढवतात. परिणामी जो मुलगा रोज बिडी ओढतो त्याच्या रक्तात औषधाची पातळी कमी राहते, आजार आटोक्यात येत नाही, आणि घरचे लोक गोळ्या निरुपयोगी आहेत असे मानून त्या बंद करतात. उलट, रुग्णालयात भरती झाल्यावर बिडी एकदम थांबली तर तीच मात्रा रक्तात वाढते आणि मुलगा गुंगीत पडून राहतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून खर्रा खाणाऱ्याला तो होत नाही. मात्र खऱ्ऱ्यातील सुपारीत असलेले अरेकोलीन हे द्रव्य चेतासंस्थेवर काम करते, आणि मनोविकाराच्या औषधांनी हातापायांत येणारा ताठरपणा व थरथर सुपारीमुळे वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर दारू घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि भावनिक चढउतारांसाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट व दारू यांचा भार एकाच यकृतावर पडतो. यातली कोणतीही गोष्ट डॉक्टरला तेव्हाच कळेल जेव्हा तो तंबाखू खातोस का एवढे न विचारता बिडी की खर्रा, दिवसातून किती वेळा, दारू कोणती आणि कोणत्या गोळीच्या आधी की नंतर असे विचारील, आणि मुलगा खरे उत्तर देऊ शकेल इतके अभय त्याला वाटेल. अमेरिकेतील बॉस्टनच्या बालरुग्णालयात तयार झालेली क्राफ्ट नावाची छोटी प्रश्नावली जगभर याच कामी वापरली जाते. तिच्यात मुलाला दोष देणारे काही नाही, कारण ती फक्त काय घडते आणि कोठे घडते एवढेच विचारते. मराठीत आणि झाडीबोलीत, पानठेल्याच्या आणि मोहाच्या भाषेत, असे प्रश्न तयार करणे हे साध्या खर्चाचे काम आहे.

या ठिकाणी एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अनेक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात की नशेत असलेल्या किंवा नशा सुटताना तडफडणाऱ्या मुलाचे निदानच करता येत नाही, कारण दारू सुटताना येणारी चिंता, सोल्यूशन हुंगल्यावर होणारे भास आणि गांजाने येणारा संशय हे मानसिक आजारासारखेच दिसतात. म्हणून काही आठवडे नशेशिवाय गेल्यानंतरच आजार कोणता हे ठरवावे. निदानापुरता हा आग्रह योग्य आहे. परंतु निदान थांबवणे आणि मदत थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्यक्षात हे वैद्यकीय तत्त्व ‘आधी व्यसन सोडा, मग पाहू’ अशा वाक्यात बदलते, जे ऐकून सानगडीहून नागपूरला गेलेले कुटुंब दुसऱ्यांदा परत येत नाही. याच्या विरुद्ध बाजूचे मत, की मूळ आजार बरा केला की व्यसन आपोआप गळून पडेल, तेही पुराव्याला टिकत नाही. पॉला रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन चाचणीत नैराश्य, वर्तनविकार आणि व्यसन हे तिन्ही एकत्र असलेल्या १२६ किशोरवयीनांना विचार-वर्तन उपचारासोबत फ्लुओक्सेटिन किंवा त्यासारखी दिसणारी निष्प्रभावी गोळी दिली गेली. औषध घेणाऱ्यांचे नैराश्य एका प्रमुख मापनपद्धतीनुसार अधिक कमी झाले, पण नशेतील घट दोन्ही गटांत सारखीच राहिली. याचा अर्थ असा की गोळीने मन सावरू शकते, पण सवय सुटण्यासाठी बोलण्याचा, घराला सोबत घेण्याचा आणि पुन्हा घसरल्यावर न हाकलण्याचा स्वतंत्र उपचार लागतो. दोन्ही उपचार एकाच वेळी आणि एकाच जागी व्हावेत, हे मत या पुराव्यातून अपरिहार्यपणे पुढे येते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये, अनिल अवचट यांच्यासह आणि पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा त्याची सुरुवात मनोरुग्णालयाच्याच आवारात झाली होती, आणि गर्द या अमली पदार्थाच्या लाटेत सापडलेल्या तरुणांकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहण्याची सवय या राज्याला त्या कामाने लावली. शासनव्यवस्थेने मात्र त्या एकत्रपणाचा धडा घेतला नाही. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आरोग्य विभागाकडे राहिला आणि व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे गेले. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान सामाजिक न्याय मंत्रालयाचे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली टेलिमानस दूरध्वनीसेवा आरोग्य मंत्रालयाची; टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आणि व्यसनाच्या मदतवाहिनीचा १४४४६. घाबरलेल्या आईने आधी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे ठरवण्यासाठी तिला आपल्या मुलाचा मूळ आजार कोणता याचे निदान स्वतःच करावे लागते, जे तज्ज्ञांनाही काही आठवडे जमत नाही. त्यापेक्षा वाईट स्थिती अशी की व्यसनमुक्ती केंद्र मनोविकाराच्या रुग्णाला घ्यायला कचरते, मनोविकार विभाग व्यसनी मुलाला घ्यायला कचरतो, आणि अल्पवयीन म्हटल्यावर दोघेही मागे हटतात.

कायदा या बाबतीत व्यवस्थेच्या पुढे आहे, हे समाधानाने नोंदवावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे, त्यामुळे व्यसनी किशोराला मानसिक उपचार नाकारण्यास कायदेशीर आधार राहत नाही. त्याच अधिनियमाच्या सत्त्याऐंशीव्या कलमानुसार अल्पवयीनाला भरती करणे हा अपवाद आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, पालकाच्या अर्जावर, प्रौढांपासून वेगळ्या जागेत, आणि पालक किंवा सोबतीसह त्याला ठेवावे लागते, व मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला बहात्तर तासांत कळवावे लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या सत्त्याहत्तराव्या कलमाने मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, आणि २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस मनाई केली आहे. तरीही ज्या पानठेल्यावर वडिलांसाठी खर्रा आणायला दहा वर्षांच्या मुलाला पाठवले जाते, तेथे या कलमांचा वापर कधी होतो, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःला विचारावा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र दुकानदाराच्या हाताने ठेल्यावरच तयार होतो, त्याला कारखाना नाही आणि पुडीवर नाव नाही, त्यामुळे बंदीची अंमलबजावणी त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. तोंड उघडेनासे करणारा आणि कर्करोगाकडे नेणारा तंतुमयतेचा विकार मात्र किशोरवयातल्या तोंडापर्यंत पोहोचतो.

घराची भूमिका येथे सर्वांत नाजूक आहे. मुलाला भास होतात किंवा तो आपल्याशीच बोलतो, तेव्हा अनेकदा घर बाहेरचे काही लागले म्हणून त्याला मांत्रिकाकडे नेते. तो दारू पितो हे कळल्यावर मात्र तेच घर मार देते. आजाराला दैवी कारण आणि नशेला चारित्र्याचे कारण देणारी ही विभागणी सरकारी विभागणीइतकीच घातक आहे, कारण तिच्यामुळे मुलगा डॉक्टरपासून नशा लपवतो आणि आईवडील नातेवाइकांपासून आजार लपवतात. मुलीच्या बाबतीत हे लपवणे दुहेरी असते. घरात बिड्या वळताना किंवा आजीच्या गुडाखूच्या डबीतून तंबाखूची सवय लागलेल्या मुलीला व्यसनी म्हणून कोणी पाहत नाही, आणि तिच्या नैराश्याला लग्न हा उपाय सुचवला जातो. उपचारात घराला सोबत घ्यायचे म्हणजे वडिलांच्या पिण्याविषयीही बोलायचे, हे समुपदेशकाला अवघड जाते; पण ज्या घरात रोज संध्याकाळी मोहाची दारू उघडपणे येते त्या घरातील मुलाला एकट्याने तिच्यापासून दूर राहण्यास सांगणे न्याय्य नाही. त्याच वेळी मुलाने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पालकांच्या कानावर घालणेही चुकीचे आहे. जिवाला धोका, अत्याचार आणि आत्महत्येचा विचार यांखेरीज बाकी गोष्टी त्याच्या संमतीने आणि त्याच्या गतीने घरी सांगाव्यात, हा शिरस्ता प्रत्येक बाह्यरुग्ण विभागाने भिंतीवर लिहून पाळला पाहिजे.

तज्ज्ञांच्या टंचाईचे उत्तर विदर्भातच सापडते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत विश्राम नावाच्या उपक्रमाने २०११ नंतर गावातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणे, प्राथमिक समुपदेशन करणे आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवणे ही साखळी उभी केली. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचाराशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात संगाथ संस्थेच्या अभ्यासात मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी काही बैठकांत प्रौढ पुरुषांचे घातक मद्यपान कमी करून दाखवले. हे दोन्ही प्रयोग किशोरांसाठी केलेले नव्हते आणि दोन्ही आजार एकत्र असणाऱ्यांसाठीही नव्हते, हे मान्य करूनही त्यांतून एवढे सिद्ध होते की आशाताई, शाळेतील शिक्षक आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी यांना शिकवले तर ते हे काम करू शकतात. केंद्राने २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य आणि व्यसनप्रतिबंध हे दोन्ही विषय आधीपासूनच समाविष्ट आहेत, आणि महाराष्ट्रात त्यासाठी मैत्री नावाने चालणारी किशोर चिकित्सालये आहेत. त्यामुळे नवी योजना आखण्याची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने ठरलेल्या दिवशी साकोलीला यावे, त्याच टेबलावर व्यसनाचा समुपदेशक बसावा, आणि गावातल्या आशाताईने मुलाला त्या एकाच टेबलापर्यंत आणावे, एवढी फेररचना पुरेशी आहे. झाडीपट्टीची रंगभूमी हिवाळ्यात रात्ररात्र गावाला जागवते. तिच्या मंचावरून हा विषय मांडला गेला तर तो कोणत्याही सरकारी भित्तिपत्रकापेक्षा खोल पोहोचेल.

भंडारा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने आणि समाजकल्याण विभागाने यासाठी संयुक्त आदेश काढावा, आणि त्यात एक वाक्य निःसंदिग्धपणे असावे: मानसिक उपचार घेणाऱ्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला नशा केल्याच्या कारणावरून उपचारातून काढले जाणार नाही.